तिसरा नकार

खेळ सुरू व्हायच्या आधी ते मनगटावरचं घड्याळ काढून डाव्या बुटात ठेवायचे. दाढी चिकटवण्याआधी दोनदा हात धुवायचे. चहा मुद्दाम निववून प्यायचे. लोकांच्या चेहऱ्यांकडे न बघता हातांकडे बघायचे. कुणाशी बोलायचं असेल तर आधी गुडघे वाकवून आपलं डोकं त्याच्या डोक्याच्या खाली आणायचे, मग तोंड उघडायचे. लहान मुलांना 'साहेब' म्हणायचे. टेबलांमधून जाताना कुणाच्या खुर्चीच्या पाठीला हात लावायचे नाहीत. बसलेल्या माणसाला त्याने अडकल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. समोरचा 'नको' म्हणाला की पाठीमागे धरलेल्या हाताचा अंगठा एका बोटावर टेकायचा. आणि रोज, पडदा उघडण्याआधी, तीन नंबरच्या टेबलावरच्या पावाला ते स्वतः लोणी लावून ठेवायचे.

त्यांना सगळे प्रधानजी म्हणत. नाटकातला राजासुद्धा, विंगेत उभा राहून पोट आत ओढताना, "प्रधानजी, हा पट्टा जरा आवळा हो," म्हणायचा. इस्त्रीवालाही त्यांच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर खडूने 'प्रधान' लिहायचा.

ते थिएटर जेवणाचं होतं. बावीस टेबलं, समोर बुटकं स्टेज, स्टेजला तीन पायऱ्या. कुटुंबं मुलाबाळांना घेऊन यायची. पहिल्या अंकाबरोबर सूप, दुसऱ्याबरोबर कोंबडी आणि बटाटे, शेवटी केक. सूप वाढणारीच राजकन्या व्हायची. एप्रनखाली तिचा झगा तयार असायचा. गोष्ट साधी होती. राजाची राणी हरवली आहे. प्रधान सगळा राजवाडा शोधतो, मग हताश होऊन पायऱ्या उतरतो आणि टेबलांमध्ये राणी शोधायला लागतो. प्रेक्षकांतली कुणी एक बाई निवडायची, तिच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट ठेवायचा, हाताला धरून तिला वर न्यायचं. राजा तिला तीन प्रश्न विचारतो. ती काहीही बोलली तरी राजा खूश. राणी सापडल्याशिवाय केक यायचा नाही, त्यामुळे सगळी मुलं प्रधानाच्या बाजूची असायची.

या कामाला येण्याआधी प्रधानजी बावीस वर्षं तिकीट खिडकीत बसले होते. खिडकीची फट एवढीशी, की तिच्यातून फक्त हात दिसायचे. कोण घाईत आहे, कोण पहिल्यांदाच प्रवासाला निघालंय, कुणाला खरं म्हणजे जायचंच नाही, हे त्यांना हातांवरून कळायला लागलं. मग यंत्रं आली आणि खिडकी बंद झाली. थिएटरच्या मालकीणबाईंनी त्यांना तिकिटांसाठीच ठेवलं होतं. एका संध्याकाळी आधीच्या प्रधानाचा घसा बसला आणि यांना दाढी चिकटवली गेली. ती सहा वर्षं निघाली नाही.

राजकन्या नवीन होती तेव्हा तिने विचारलं होतं, "प्रधानजी, लोक नाही म्हणतात तरी तुम्ही विचारत राहता. कुणी चिडत कसं नाही?"

ते बुटाची नाडी बांधत होते.

"पहिलं 'नको' लाजेचं असतं," ते म्हणाले. "दुसरं घरच्यांना ऐकवायला असतं. म्हणजे, बघा बरं का, मी काही नाचत गेले नाही. तिसरं मात्र त्या माणसाचं स्वतःचं. तिसरं आलं की मान झुकवायची, मुकुट त्याच टेबलावरच्या एखाद्या पोराच्या डोक्यावर ठेवायचा, आणि पुढे व्हायचं."

"आणि तिसरं हसत हसत आलं तर?"

"हसत आलं तरी तिसरंच."

हा नियम त्यांनी सहा वर्षांत मोडला नव्हता. एकदा मालकीणबाईंच्या ओळखीच्या कुणा बड्या बाईंनी तीनदा नकार दिला आणि प्रधानजींनी मुकुट त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाच्या डोक्यावर चढवला. राजाला त्या दिवशी पुढचे दात पडलेली राणी मिळाली. हॉल हसून हसून आडवा झाला. बड्या बाई सगळ्यांत जास्त हसल्या.

तीन नंबरच्या टेबलावर त्यांची बायको बसायची. मंडळीतले सगळे तिला वहिनी म्हणत. चार वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारणीचं नाव, मग घराचा मजला. दिवसा सांभाळायला येणारी बाई पाचला जायची. पाचनंतर काय, हा प्रश्न होता. म्हणून प्रधानजी तिला बरोबर आणायला लागले. खांबाला लागून असलेलं टेबल निवडलं, म्हणजे पाठीला वारा लागायला नको. ती शांत बसायची, पाव खायची, गाण्यांना बोटांनी ठेका धरायची.

तिचं स्टेजवर जाणं ठरवून झालं नाही. एका शुक्रवारी प्रधानजी शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून तिसरा नकार घेऊन सरळ होत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्यांना कशाला छळता? मी येते की."

बघतात तर वहिनी उठून उभ्या. पदर खोचलेला, हाताला लोणी. त्यांनी मुकुट स्वतःच घेतला. वर गेल्यावर राजाने विचारलं, "राणी, कुठे होतीस इतके दिवस?"

"इथेच होते," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच विचारलं नाहीत."

हॉलमध्ये हशाचा फटाका फुटला. राजाने आयुष्यात पहिल्यांदा पुढचं वाक्य गमावलं. त्याने दुसराच प्रश्न केला. "भूक लागली असेल ना तुला?"

"लागणारच. सुपानंतर नुसती गाणीच चाललीयत तुमची."

दुसऱ्या दिवशी वहिनींना यातलं काहीच आठवत नव्हतं. मालकीणबाई मात्र विसरल्या नव्हत्या. "उद्याही आणा," त्या म्हणाल्या. "रोज आणा."

मग सव्वा वर्ष हेच चाललं. प्रेक्षकांना वाटायचं, आपल्यातलीच एक बाई. ती रोज खरोखरच दचकायची, खरोखरच लाजायची, कारण तिच्यासाठी ते रोज पहिल्यांदाच होत होतं. एकदाच "नको बाई, मला कुठे जमतं" म्हणायची, आणि उठायची. पाठीमागचा अंगठा एका बोटावर टेकून परत यायचा. एकदा एका पोराने ओळखलं. "या मावशी मागच्या वेळीही राणी होत्या."

"साहेब," प्रधानजी त्याच्याहून खाली वाकून म्हणाले, "राणी पुन्हा हरवली. काय करणार, राजवाडा फार मोठा आहे."

त्यांना ते आवडायचं. दिवसभर घरात ती त्यांना कधी ओळखायची, कधी नाही. कधी भाऊ समजायची, कधी नळ दुरुस्त करायला आलेला माणूस. पण संध्याकाळी, दाढी लावलेल्या त्या प्रधानाने हात पुढे केला की ती उठायची. त्यात तिला आपण कळतो, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मुलगी दुसऱ्या शहरात होती. रविवारी फोन करायची.

"बाबा, आईला ठेवायची ती संस्था तुम्ही पाहून आलात ना? कशी आहे?"

"स्वच्छ आहे. भिंतीभर धरायला लाकडी कठडे आहेत. दार मात्र आतून उघडत नाही."

"ते त्यांच्यासाठीच ना, बाबा."

"हो. त्यांच्यासाठीच."

"मला खरं सांगा. आई ओळखते का तुम्हाला?"

"ओळखते की. रोज माझा हात धरून स्टेजवर येते. आपणहून."

मुलगी म्हणाली, "ठीक आहे. जोपर्यंत ती तुमच्याबरोबर येतेय तोपर्यंत राहू दे घरी. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी मी तुमचं काही ऐकणार नाही. कबूल?"

"कबूल."

त्यानंतर साधारण चार महिन्यांनी वहिनी दुसऱ्यांदा 'नको' म्हणायला लागल्या. रोज नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी, मग दोनदा. अंगठा दुसऱ्या बोटावर जायचा आणि तिथे थांबायचा. प्रधानजींनी हे कुणालाच सांगितलं नाही. राजकन्येला दिसलं होतं, कारण ती त्या वेळी खांबाजवळ रिकाम्या वाट्या गोळा करत असायची. तिने एकदा विषय काढला.

"आज वहिनींना बरं नव्हतं का?"

"झोप झाली नाही तिची," ते म्हणाले. आणि दाढी काढायला गेले.

मुलगी आली त्या रविवारी हॉल भरलेला होता. तिने आगाऊ कळवलं होतं, पाच नंबरचं टेबल मागून घेतलं होतं. बरोबर तिचा सात वर्षांचा मुलगा. आजीला तिने आधी मिठी मारली. आजीने नातवाच्या गालाला हात लावून "कुणाचं रे तू, गोड आहेस," असं विचारलं. मुलीने ओठ आवळले आणि आपल्या टेबलावर जाऊन बसली.

प्रधानजींनी त्या दिवशी घड्याळ बुटात ठेवलं की नाही हे दोनदा तपासलं. पावाला लोणी लावलं. ते जरा जाडच लागलं.

दुसरा अंक संपला. राजाने छाती बडवून घेतली, "माझी राणी हरवली," आणि प्रधान पायऱ्या उतरला. इथे तो दरवेळी दोन-तीन टेबलांवर खोटं खोटं शोधायचा. एका काकांची प्लेट उचलून खाली बघायचा. एका बाईंच्या पर्समध्ये डोकावायचा. सगळं तसंच केलं. मग तीन नंबरपाशी येऊन गुडघे वाकवले.

"बाई, आमच्या महाराजांची राणी हरवलीय. तुम्ही पाहिलीत का हो?"

"नाही पाहिली."

"मग तुम्हीच असाल. चला."

"नको."

मुलं हसली. अंगठा पहिल्या बोटावर.

"महाराज उपाशी आहेत. राणी आल्याशिवाय जेवत नाहीत."

"जेवू देत त्यांना. मला नको."

अंगठा दुसऱ्या बोटावर. कुणीतरी मागून ओरडलं, "जा की मावशी, केक खायचाय आम्हाला." हशा.

प्रधानजींनी मुकुट पुढे केला. वहिनींनी तो हाताने बाजूला सारला आणि त्यांच्या दाढीकडे, मग डोळ्यांकडे नीट बघितलं.

"नको म्हटलं ना. मी तुम्हाला ओळखत नाही," त्या म्हणाल्या.

अंगठा तिसऱ्या बोटावर गेला. राजकन्येला तो दिसला. तिने वाट्यांची चळत हातात धरून ठेवली. आता मान झुकेल, आता मुकुट कुणा पोराच्या डोक्यावर जाईल. तीन नंबरवर दुसरं कुणी नव्हतं. पण शेजारी पाच नंबर होतं, आणि तिथे त्यांचा स्वतःचा नातू खुर्चीवर गुडघे टेकून बसला होता.

प्रधानजींनी पाच नंबरकडे बघितलं. मुलीचा चमचा बशीच्या वर थांबला होता.

त्यांनी वहिनींचा हात धरला.

त्या उठल्या. ओढल्यामुळे उठल्या की उठायची सवय होती म्हणून, हे सांगता येणार नाही. टाळ्या पडल्या. पहिली पायरी चढल्या, दुसरी चढल्या. तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला घरी जायचंय."

हॉलमध्ये ते ऐकू गेलं नव्हतं. पुढच्या टेबलांना फक्त कळलं की बाई काहीतरी बोलल्या. आणि प्रधानजींच्या तोंडून, प्रधानाच्याच खणखणीत आवाजात, सहा वर्षांची सवय बाहेर पडली.

"ऐकलंत का महाराज? महाराणी म्हणतात, महालात जायचंय."

सगळे हसले. वहिनींनी त्या हशाकडे वळून बघितलं. मग हात जोरात सोडवून घेतला आणि एक पाऊल मागे टाकलं. मागे काही नव्हतं. धरायलाही काही नव्हतं.

पडल्यानंतरही हशा थोडा वेळ चालू राहिला. एका पोराने टाळी वाजवली. सगळ्यांत आधी राजाला कळलं. त्याने डोक्यावरचा मुकुट काढला आणि दोन्ही हात वर केले, आणि मग हॉल गप्प झाला.

कमरेचं हाड मोडलं होतं. त्या वयात ते जुळणं अवघड असतं, असं डॉक्टर म्हणाले. संस्थेचा विषय मुलीने काढलाच नाही. चौथ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिने एवढंच विचारलं, "बाबा, वर जायच्या आधी आई तुम्हाला काय म्हणाली? मला ऐकू आलं नाही."

"मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणाली."

"आणि तरी नेलंत."

"हो."

ती उठून पाणी आणायला गेली. दोघांसाठी आणलं.

प्रधानजी रोज सकाळी वेळेवर यायचे. वॉर्डाच्या दारात गुडघे वाकवून उभे राहायचे, म्हणजे डोकं पलंगाच्या उंचीला यायचं.

"बसू का?"

"नको."

"पाच मिनिटं बसतो."

"नको."

"इथे कोपऱ्यात बसलो तर चालेल?"

"नको."

मग ते मान झुकवायचे आणि बाहेर बाकावर जाऊन बसायचे. दुपारी पुन्हा येऊन विचारायचे. संध्याकाळी पुन्हा. नर्स वैतागली.

"काका, बसा हो आत. त्यांना काय कळतंय आता? दोन मिनिटांत विसरतील."

"तिने तीनदा सांगितलं."

"अहो, त्या मलाही नकोच म्हणतात. इंजेक्शनला, गोळीला, चादर बदलायला. मी थांबते का?"

"तुमचं काम वेगळं आहे, सिस्टर."

नवव्या दिवशी त्यांनी विचारलं आणि दोन नकार आले. तिसरा आला नाही. ते दारात वाकून थांबले. बराच वेळ तसेच थांबले. वहिनी छताकडे बघत होत्या. मग प्रधानजी आत गेले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. वीसेक मिनिटं बसले असतील. वहिनींना झोप लागली. राजकन्या भेटायला आली होती, तिला त्यांनी ओठांवर बोट ठेवून बाहेरच थांबवलं. चेहरा असा, जणू आत कुणीतरी तान्हं निजलंय.

बाराव्या दिवशी सकाळी तिन्ही नकार आले. साडेदहाच्या सुमाराला मुलगी आत होती. प्रधानजी बाकावर होते. मुलीने दार उघडून "बाबा" म्हटलं. ते उठले, दारापर्यंत आले आणि तिथे थांबले. मुलीला त्यांना हाताला धरून आत न्यावं लागलं.

वहिनी गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ते थिएटरला आले. दुपारी, हॉल रिकामा असताना. दाढीसाठी नव्हे. बरोबर करवत, मोजपट्टी आणि सागाच्या पट्ट्या होत्या. कुणाला काही न विचारता पायऱ्यांपाशी बसले आणि मापं घेऊ लागले. मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी चहा पाठवला. तो त्यांनी निवेपर्यंत तसाच ठेवला.

डाव्या बाजूचा कठडा चार दुपारींत उभा राहिला. सुतार नव्हते, पण काम चोख होतं. वरची पट्टी त्यांनी पॉलिश पेपरने इतकी घासली की लहान मुलाच्या हातालाही कुसळ लागू नये. खाली आणखी एक आडवी पट्टी, बुटक्यांसाठी. राजकन्येला दोनदा वरखाली चालायला लावलं. "डोळे मिटून चाल," म्हणाले. तिने मिटून चालून दाखवलं.

"उजवा कधी?"

"सोमवारी लावतो. दोन्ही हातांना धरायला पाहिजे."

शुक्रवारी मालकीणबाईंनी विचारलंच. नव्या प्रधानाला जमत नव्हतं. एकतर पहिल्या 'नको'ला पळ काढायचा, नाहीतर बायकांना दंडाला धरून ओढायचा. गेल्या आठवड्यात एका नवऱ्याने त्याची कॉलर धरली होती.

"एकच खेळ, प्रधानजी. त्याला बघायला मिळेल कसं करतात ते. मग तुम्हाला पुन्हा म्हणणार नाही."

त्यांनी बराच वेळ हात धुतले. घड्याळ बुटात ठेवलं. दाढी लावली. तीन नंबरवर त्या दिवशी एक जोडपं होतं, तिथल्या पावाकडे ते गेले नाहीत.

दोन्ही अंक सुरळीत झाले. पायऱ्या उतरले, काकांची प्लेट उचलली, पर्समध्ये डोकावले. मुलं हसली. मग पाच नंबरवरच्या एका आजींपुढे त्यांनी गुडघे वाकवले. आजी गोलमटोल, हसऱ्या, दोन्ही हात टेबलावर मोकळे ठेवलेल्या. असे हात म्हणजे येणारच. तिकीट खिडकीतल्या कुणीही सांगितलं असतं.

"आजी, आमची राणी हरवलीय. तुम्ही चलता का?"

"इश्श, मी कुठे? नको," आजी म्हणाल्या. लाजून, पुन्हा विचारायची वाट बघत. त्यांच्या नाती खुर्चीवर उड्या मारायला लागल्या होत्या.

अंगठा पहिल्या बोटावर टेकला.

"बरं," प्रधानजी म्हणाले.

मान झुकवली. मुकुट पावाच्या टोपलीशेजारी ठेवला. आणि टेबलांमधून, कुणाच्याही खुर्चीला हात न लावता, स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर गेले. हॉलला वाटलं, हेही नाटकातच आहे. सगळे वाट बघत बसले. आजी उठायच्या बेतात होत्या, त्या अर्धवट उठून पुन्हा बसल्या. शेवटी राजकन्या खाली उतरली आणि त्यांना डाव्या बाजूने वर घेऊन गेली.

सोमवारी ते आले नाहीत. त्यानंतरही नाही. राजकन्या दोनदा घरी जाऊन आली. दार उघडतात, बसायला सांगतात, चहा करतात, तिच्या घरच्यांची चौकशी करतात. थिएटरचं नाव निघालं की कप उचलून आत ठेवायला जातात. कठड्याबद्दल तिने विचारलं नाही.

स्टेजमागे, राजाच्या सिंहासनाशेजारी, उजव्या कठड्याचे दोन खांब भिंतीला टेकवून ठेवलेत. एक घासून झालाय. दुसरा अर्धा घासलेला आहे, पॉलिश पेपर त्याच्यावरच गुंडाळलेला आहे. वरची पट्टी जिथे कापायची तिथे पेन्सिलीची रेघ आहे. आठ स्क्रू एका बरणीच्या झाकणात आहेत.